आई-बाप ठणठणीत, पिल्लाचा खुबा सैल: हिप डिस्प्लेशियात जनुकं किती आणि फरशी किती?

मोगऱ्याची_वेणी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आमची शेवंती. पिवळी लॅब्रॅडोर, वय आठ महिने, मुक्काम घोडबंदर रोड, वाघबीळच्या जरा पुढे. हल्ली पळताना ती मागचे दोन्ही पाय एकदम उचलते, सशासारखी. सोसायटीतल्या पोरांना ते भारी आवडतं, मला मात्र खटकत होतं. बसल्यावर उठताना पुढच्या पायांवर जोर देऊन अंग ओढल्यासारखं करते आणि सोफ्यावर चढायचं तिने आपणहून सोडलंय. या वयाचा लॅब सोफा सोडतो म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. तरी दाखवलं.

भूल देऊन एक्स-रे काढला. दोन्ही खुब्यांत हिप डिस्प्लेशिया, डावीकडे जास्त. मांडीच्या हाडाचं डोकं उखळीत नीट बसत नाहीये आणि उखळीही उथळ आहे. संधिवात अजून सुरू झालेला नाही, एवढीच बरी बातमी.

ब्रीडरला फोन केला. (नाव-गाव लिहिणार नाही, व्यनि, म्हणजे खाजगी निरोप, पाठवूनही विचारू नका.) त्याचं म्हणणं: "मॅडम, आई-बाप दोघं एकदम फिट. बाप चॅम्पियन आहे. आपल्या लाइनमध्ये हा प्रकारच नाही. तुमच्या घरात टाइल्स आहेत ना? टाइल्समुळेच झालं." सासूबाई म्हणतात रक्तातच असणार. खालच्या मजल्यावरचे काका म्हणतात कॅल्शियम कमी पडलं. धाकटा दीर बायोटेकवाला, त्याचं मत की एखादं जनुक बिघडलेलं असेल, डीएनए टेस्ट करून टाक म्हणजे कळेल.

चार माणसं, चार निदानं. शेवंतीच्या उपचारांचं डॉक्टर बघतायत. मला समजून घ्यायचंय ते हे: आई-बाप खरंच धड असतील तर पिल्लात हे येतं कुठून? आणि ब्रीडरचं टाइल्सचं म्हणणं कितपत खरं?

---

खेकडा_मसाला

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडे तीन महिन्यांचा लॅब आलाय, कळव्याला. वाचून पोटात गोळा आला.

---

जुना_नौपाडकर

देशी कुत्रं पाळा, विषय संपला. आमच्या राम मारुती रोडवरची कुत्री बघा. बारा-बारा वर्षांची होतात, रिक्षांच्या मागे धावतात, कधी कुणाचा खुबा निखळल्याचं ऐकलंत? थंड देशातली कुत्री आणायची, एसीत ठेवायची आणि मग एक्स-रे काढत बसायचं.

---

मोगऱ्याची_वेणी

काका, मुद्दा पोचला. पण ही आता आलीये घरात, तिला परत पोटात ढकलता येत नाही.

---

गुरांचा_डॉक्टर

ताई, मी पशुवैद्य आहे. परळच्या कॉलेजातून शिकलो, प्रॅक्टिस नेरूळला. आयडी गुरांचा आहे, पण दिवसभर समोर येतात ती कुत्री-मांजरंच.

पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे खुबे धड असतात. ज्यांना पुढे हा त्रास होणार असतो त्यांचेही. म्हणून याला जन्मजात व्यंग म्हणत नाहीत, हे वाढीच्या काळात होतं. जन्मानंतरच्या काही आठवड्यांत सांध्याभोवतीचं आवरण आणि आतला अस्थिबंध काही पिल्लांत सैल राहतो. मग चालताना दर पावलाला हाडाचं डोकं उखळीतून थोडं बाहेर येतं आणि परत आत आपटतं. त्या वयात उखळीची कड कूर्चेची, मऊ असते. तिच्यावर वेडावाकडा भार पडत राहिला की उखळी उथळ बनते, डोकं चपटं होतं, कूर्चा झिजते आणि अखेर संधिवात येतो. साखळीतली पहिली कडी सैलपणाची आणि सैल सांध्याची प्रवृत्ती मुख्यतः आनुवंशिक. पुढच्या कड्या किती लवकर जोडल्या जाणार हे बरंचसं वजनावर आणि वाढीच्या वेगावर.

तुमच्या दिराच्या मुद्द्याबद्दल. हा एका जनुकाचा रोग नाही. बरीच जनुकं आहेत, प्रत्येकाचा वाटा लहान. माणसाच्या उंचीसारखं धरा. मध्यम उंचीच्या आई-बापांना उंच मुलगा होतो तेव्हा कुणी फसवाफसवीचा संशय घेत नाही. दोघांकडची "उंच" जनुकं त्याच्यात एकत्र आली, इतकंच. तसंच, दोन बऱ्या खुब्यांच्या कुत्र्यांत थोडा-थोडा दोष वाटून असतो आणि एखाद्या पिल्लात तो सगळा जमा होतो.

ब्रीडरच्या "एकदम फिट" या शब्दाबद्दल मात्र शंका आहे. फिट म्हणजे लंगडत नाही, एवढंच ना? खुबा बिघडलेली कितीतरी कुत्री वर्षानुवर्षं लंगडत नाहीत. एक्स-रेमधली खराबी आणि दिसणारं दुखणं यांचा मेळ फारसा बसत नाही. आई-बापांचे एक्स-रे काढलेत का, हे त्यांना विचारा.

---

खेकडा_मसाला

डॉक्टर, दंडवत. आमच्या गड्याचा आत्ता एक्स-रे काढला तर कळेल का?

---

गुरांचा_डॉक्टर

साध्या एक्स-रेत तीन महिन्यांना फारसं कळणार नाही. भूल देऊन हाताने सांधा तपासता येतो. त्याला ऑर्टोलानी चाचणी म्हणतात, ऑर्टोलानी हे इटलीतले बालरोगतज्ज्ञ. चाचणी मुळात तान्ह्या बाळांच्या खुब्यांसाठी होती, आम्ही ती उचलली. सैल सांधा आत बसताना बोटांना "टक्" असं जाणवतं.

---

आकडेमोड

घणसोलीहून नमस्कार. मी कुत्र्यांतला नाही, संख्याशास्त्रातला आहे. (बायकोला मांजर चालतं, कुत्रं नाही.) "आनुवंशिक किती टक्के" या प्रश्नावर फार घोळ घातला जातो म्हणून लिहितो.

हिप डिस्प्लेशियाची आनुवंशिकता वेगवेगळ्या जातींत आणि अभ्यासांत साधारण ०.२ ते ०.६ अशी निघालेली आहे. मधला आकडा ०.४ धरू. म्हणजे शेवंतीच्या दुखण्याचा ४० टक्के भाग जनुकांनी आणि ६० टक्के टाइल्सनी केला असं नाही. हा आकडा एका कुत्र्याचा नसतोच, कळपाचा असतो. त्या जातीच्या कुत्र्यांत खुब्यांबाबत एकमेकांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ४० टक्के फरक आई-बापांकडून थेट पुढे जाणाऱ्या जनुकांमुळे आहे. ब्रीडर उद्या म्हणाला "४० टक्के माझं, ६० टक्के तुमचं, बिल तसं वाटून घेऊ", तर त्याला माझ्याकडे पाठवा.

आता धागाकर्तीचा प्रश्न. समजा एखाद्या जातीचा खुब्यांचा सरासरी स्कोअर २० आहे. ब्रिटनमध्ये देतात तसा स्कोअर, ० ते १०६, जितका कमी तितका खुबा चांगला. तुम्ही १० स्कोअरचा नर आणि १० स्कोअरची मादी निवडली. दोघं सरासरीपेक्षा १० गुणांनी सरस. पिल्लांकडे त्या सरसपणाचा ०.४ हिस्सा जातो, म्हणजे ४ गुण. पिल्लांची अपेक्षित सरासरी १६. दहा नव्हे, सोळा! आणि ही सरासरी झाली. त्याच वेतात एक पिल्लू ६ चं निघेल, एक ३५ चं. एक्स-रे काढून, उत्तम स्कोअर बघून लावलेल्या जोडीची ही कथा. ज्यांचा एक्स-रेच नाही त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको.

याच गणिताची दुसरी बाजू अशी की दर पिढीला चार गुण मिळतायत. नेटाने करत राहिलं तर पाच-सहा पिढ्यांत जात ओळखू येणार नाही.

---

जुना_नौपाडकर

गणित पेन्शनरला झेपलं नाही, पण ब्रीडर खोटं बोलतोय हे पहिल्यापासून वाटत होतं.

---

शो_रिंग_वाला

जरा थांबा, सगळे मिळून ब्रीडरला फाशी देऊ नका. मी स्वतः जर्मन शेफर्ड ठेवतो, शोला नेतो, अधूनमधून एखादं वेत घेतो. खारघरला आहे.

पिल्लू बघायला माणूस येतो तेव्हा काय विचारतो माहितीये? "पेपर आहेत का, डोकं मोठं आहे का, कमी करा ना थोडे." आजवर माझ्याकडे एकाही गिऱ्हाइकाने आई-बापाच्या खुब्यांचा एक्स-रे मागितलेला नाही. भूल, एक्स-रे, वाचून घेण्याचा खर्च, सगळं करून पिल्लू तीन-चार हजारांनी महाग झालं की तोच माणूस ऑनलाइन जाहिरात बघून कुठल्यातरी बंद खोलीतून स्वस्तातलं पिल्लू उचलतो. आणि मग इथे धागा काढतो. (ताई, तुमच्याबद्दल नाही.)

आणि पेपर म्हणजे काय ते पण समजून घ्या. केनेल क्लब ऑफ इंडियाचं सर्टिफिकेट वंशावळ सांगतं. आई कोण, बाप कोण, आजा कोण. खुब्याबद्दल ते बोलत नाही. चॅम्पियनशिप पण रिंगमध्ये कुत्रा कसा दिसतो, कसा चालतो त्यावर. जज एक्स-रेचं मशीन घेऊन फिरत नाही.

---

मोगऱ्याची_वेणी

म्हणजे "चॅम्पियन बाप" याचा खुब्याशी संबंध शून्य? मग त्या शब्दाचे वेगळे पैसे कशाचे घेतात?

---

शो_रिंग_वाला

दिसण्याचे. स्पष्टच सांगतो.

---

गुरांचा_डॉक्टर

शो_रिंग_वाला यांचं प्रामाणिक बोलणं आवडलं. गिऱ्हाईक मागत नाही हा मुद्दा शंभर टक्के खरा.

बाहेर ही व्यवस्था कशी उभी राहिली ते थोडं सांगतो, कारण तिकडेही ती आपोआप झालेली नाही. कुत्र्यांतला हा आजार अमेरिकेतल्या श्नेल नावाच्या पशुवैद्याने १९३५ मध्ये पहिल्यांदा नोंदवला. तेव्हा तो दुर्मीळ समजला गेला. पुढे एक्स-रे वाढले तसा तो जागोजागी दिसायला लागला. जॉन ऑलिन नावाचे एक बडे उद्योगपती होते, शिकारी कुत्र्यांचे शौकीन. त्यांच्याच चांगल्या चांगल्या कुत्र्यांत हे निघालं आणि त्यांच्या पुढाकाराने १९६६ मध्ये ओएफए (ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स) ही संस्था झाली. पाठीवर झोपवून, मागचे पाय सरळ ताणून एक्स-रे काढायचा आणि तज्ज्ञांनी सात श्रेणींपैकी एक द्यायची. कायमचं सर्टिफिकेट दोन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नाही. युरोपात बहुतेक ठिकाणी ए ते ई अशा श्रेण्या आहेत.

यात एक तांत्रिक गोची आहे. पाय सरळ ताणले की सांध्याचं आवरण पिळलं जातं आणि हाडाचं डोकं आत ढकललं जातं. सैलपणा शोधायचा आहे नेमका तोच झाकला जातो. म्हणून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले गेल स्मिथ यांनी १९८३ च्या सुमारास वेगळी पद्धत काढली, पेनहिप. त्यात भूल दिलेल्या कुत्र्याचे खुबे हलक्या दाबाने बाहेर ढकलून एक्स-रे घेतात आणि डोकं किती सरकलं ते मोजतात. आकडा ० ते १. ०.३० च्या आत असेल तर पुढे संधिवाताची शक्यता फार कमी. ही तपासणी सोळा आठवड्यांपासून करता येते.

एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. ओएफएला एक्स-रे पाठवणं ऐच्छिक आहे. उघड खराब दिसणारी फिल्म मालक पाठवतच नाही, खर्च वाचवतो. त्यामुळे तिथल्या जातवार टक्केवाऱ्या प्रत्यक्षापेक्षा गोड दिसतात. पेनहिपमध्ये काढलेली प्रत्येक फिल्म पाठवण्याचं बंधन असतं.

---

प्रयोगशाळेतला_उंदीर

छान धागा. मी रेण्वीय जीवशास्त्रात काम करते (कुत्र्यांवर नाही). डीएनए टेस्टच्या प्रश्नाला हात घालते.

जनुकं शोधण्याचा प्रयत्न बऱ्याच गटांनी केलाय. कॉर्नेल विद्यापीठातल्या मंडळींनी तर मुद्दाम लॅब्रॅडोर आणि ग्रेहाउंड यांचा संकर करून वंशावळ उभी केली. लॅबमध्ये हा आजार भरपूर, ग्रेहाउंडमध्ये जवळपास नाहीच. संकराच्या पुढच्या पिढ्यांत कुणाचा खुबा कसा आणि कुणाकडे गुणसूत्राचा कुठला तुकडा आलाय हे जुळवून बघायचं, अशी कल्पना. यातून एक नव्हे, अनेक गुणसूत्रांवरच्या जागा पुढे आल्या. २०११ मध्ये त्यांनी फायब्रिलिन-२ या जनुकातल्या एका बदलाचा संबंध दाखवला. फायब्रिलिन हे संयोजी ऊतींमधलं (शरीराचे भाग बांधून धरणाऱ्या पेशीजालातलं) प्रथिन, सांध्याच्या आवरणाच्या लवचीकपणाशी जोडता येण्यासारखं. वाचायला सुंदर. पण तेवढ्यावरून एखाद्या पिल्लाचं भविष्य सांगता येत नाही. एका जातीत सापडलेली जागा दुसऱ्या जातीत सापडेलच असंही नाही.

लॅबच्याच काही आजारांत एकच जनुक असतं. उदाहरणार्थ, खूप पळाल्यावर मागचे पाय लुळे पडतात तो व्यायामजन्य कोसळण्याचा विकार. त्याची डीएनए टेस्ट पक्की आहे. त्यामुळे कुणी "लॅबची जेनेटिक टेस्ट क्लिअर आहे" असा कागद दाखवला तर तो कशाचा आहे ते वाचा. तो खुब्यांचा असेलच असं नाही.

दिराला सांगा, विचार चुकीच्या दिशेने नाही, रोग चुकीचा निवडला.

---

मोगऱ्याची_वेणी

वाचून दाखवलं. "पॉलिजेनिक (म्हणजे अनेक जनुकांचा) आहे हे मला माहीत होतं" असं उत्तर आलं. असो.

---

आकडेमोड

डीएनएचा शॉर्टकट नसला तरी आकडेवारीचा आहे. बापाचा स्वतःचा एक्स-रे बापाबद्दल थोडं सांगतो. बापाच्या वीस पिल्लांचे एक्स-रे बापाबद्दल जास्त सांगतात. भावंडं, आजी-आजोबा, सावत्र भावंडं सगळ्यांचे निकाल एकत्र करून प्रत्येक कुत्र्याचं एक अंदाजित प्रजननमूल्य, म्हणजे ते पिल्लांना कसे खुबे देईल याचा आकडा, काढता येतं. गाई-म्हशींत ही पद्धत जुनी आहे, वळूची पारख त्याच्या मुलींच्या दुधावरून होते. ब्रिटनच्या केनेल क्लबने २०१४ मध्ये खुब्यांसाठी आणि कोपरांसाठी हे सुरू केलं.

निवडीचा उपयोग होतो याचा पुरावा हवा असेल तर अंधांसाठी कुत्री तयार करणारी 'द सीइंग आय' ही अमेरिकेतली संस्था बघा. तिथल्या पैदाशीवरचा अभ्यास १९९७ मध्ये छापून आला. पाचेक पिढ्यांच्या आत जर्मन शेफर्डमधलं प्रमाण ५५ टक्क्यांवरून २४ वर आलं, लॅबमधलं ३० वरून १० वर. पण तिथे सगळी कुत्री संस्थेची. कुणाची पैदास करायची, कुणाची नाही, हे एकाच टेबलावर ठरतं. आपल्याकडे मादी डोंबिवलीची, नर पनवेलचा, पिल्लं पांगली सात गावांत आणि परत कुणाचा कुणाला पत्ता नाही.

---

तिसरा_मजला_लिफ्ट_बंद

टाइल्सवर कुणीच बोलत नाहीये. आमच्या कोपरखैरण्याच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, पण तिची तब्येत माझ्यापेक्षा नाजूक. पिल्लू दिवसातून चार वेळा जिने चढतं-उतरतं. चालेल का?

---

गुरांचा_डॉक्टर

याच्यावर नॉर्वेत चांगलं काम झालंय, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. न्यूफाउंडलँड, लॅब्रॅडोर, लिऑनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड अशा चार मोठ्या जातींची पिल्लं जन्मापासून नोंदत गेले. तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या पिल्लांत हिप डिस्प्लेशियाचा धोका जास्त निघाला. उलट त्याच वयात मऊ जमिनीवर, बिनपट्ट्याचं मोकळं बागडणाऱ्यांत कमी. शेतावर जन्मलेल्यांतही कमी.

तेव्हा तीन महिन्यांपर्यंत उचलून न्या. पुढेही रोज तीन मजले धावडवू नका. फरशीवर पाय घसरत असतील तर जाजम, योगा मॅट, जे असेल ते टाका.

पण ताई, तुमचा ब्रीडर एक गोष्ट सोयीस्कर विसरतोय. पिल्लू तुमच्याकडे आलं तेव्हा किती आठवड्यांचं होतं? आपल्याकडच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. म्हणजे सांधा घडण्याचे पहिले दोन महिने ते त्याच्याच फरशीवर होतं.

---

मोगऱ्याची_वेणी

नऊ आठवड्यांची होती. आणि त्यांच्याकडे पांढरी, गुळगुळीत, चकचकीत टाइल होती. फोटो आहे माझ्याकडे!

---

जुना_नौपाडकर

😀 पाठवा त्याला.

---

पाव_किलो_कमी

मऊ जमीन म्हणे! घोडबंदरला मऊ जमीन दाखवा आणि बक्षीस मिळवा. सोसायटीत पेव्हर ब्लॉक, बाहेर मेट्रोची खडी, उरलेल्या हिरवळीवर "पाळीव प्राण्यांना मनाई".

मी खाण्यावर लिहायला आले होते. अमेरिकेत प्युरिना कंपनीने ४८ लॅब पिल्लं घेतली, एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला हवं तसं, दुसऱ्याला त्यापेक्षा २५ टक्के कमी खायला. आयुष्यभर. पाचव्या वर्षी पोटभर खाणाऱ्यांपैकी ५२ टक्के कुत्र्यांच्या खुब्यांत एक्स-रेवर संधिवात दिसला, कमी खाणाऱ्यांपैकी १३ टक्के. मध्यम आयुर्मान ११.२ विरुद्ध १३ वर्षं. कुत्र्यांचं खाणं विकणारी कंपनी "कमी खायला घाला" हे स्वतःच्या पैशाने सिद्ध करते, याचं मला कायम नवल वाटत आलंय.

सख्खी भावंडं, तेच घराणं, फरक वाटीतला. म्हणून माझा आग्रह असा की जनुकांवर चर्चा करा, पण लॅबच्या बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. आपल्याकडे गुबगुबीत लॅब म्हणजे "खात्यापित्या घरचा".

---

गुरांचा_डॉक्टर

हजार वेळा सहमत. आणि खालच्या मजल्यावरच्या काकांना नम्रपणे सांगा की मोठ्या जातीच्या पिल्लाला तयार संतुलित खाण्यावर वरून कॅल्शियम पाजायचं नसतं. लहान पिल्लाचं आतडं जास्तीचं कॅल्शियम अडवत नाही, शोषून घेतं, आणि हाडांची वाढ बिघडते. माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या लॅबच्या पिशवीत ती गुलाबी बाटली असते. दिलीच पाहिजे असं पालकांना वाटतं, न दिली तर डॉक्टर कसला!

---

खेकडा_मसाला

बाटली कपाटात ठेवली. नसबंदीचं काय? एक जण म्हणतो सहा महिन्यांत करून टाक.

---

गुरांचा_डॉक्टर

मोठ्या जातीत घाई नको. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या २०१३ च्या अभ्यासात गोल्डन रिट्रीव्हर नरांत वर्षाच्या आत नसबंदी झालेल्यांमध्ये हिप डिस्प्लेशिया १० टक्के, न झालेल्यांमध्ये ५ टक्के होता. तुमच्या कुत्र्याचं वय, घरची परिस्थिती, मादी असेल तर गर्भाशयाच्या संसर्गाचा धोका, हे सगळं तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. भटक्या कुत्र्यांचा हिशेब पूर्ण वेगळा, तिथे हा मुद्दा आणू नका.

आणि नौपाडकर काका, देशी कुत्र्यांत प्रमाण कमी वाटतं याला कारण आहे. रस्त्यावर ज्याला पळता येत नाही ते पिल्लू मोठं होऊन बाप होत नाही. निसर्ग एक्स-रे न काढता निवड करतो, निर्दयपणे. पण देशीतही केसेस येतात, मी बघितल्यात.

---

जुना_नौपाडकर

मान्य. तरी देशीच.

---

मोगऱ्याची_वेणी

अपडेट देते. आकडेमोड यांचा तो "भावंडांचे एक्स-रे" वाला प्रतिसाद डोक्यात बसला. पिल्लू घेतलं तेव्हा त्याच दिवशी आलेल्या एका कुटुंबाचा नंबर माझ्याकडे होता, ते ऐरोलीचे. त्यांच्याकडून आणखी दोघं सापडले. वेत सात पिल्लांचं होतं, आता चार घरं आमच्या ग्रुपवर आहेत.

ऐरोलीचा भाऊ सशासारखाच पळतो. त्याचा या आठवड्यात एक्स-रे निघाला, दोन्ही खुबे सैल. त्यांच्या घरी टाइल्स नाहीत, लाकडी फ्लोअरिंग आहे आणि ते तळमजल्यावर राहतात. कल्याणच्या बहिणीला लक्षण काही नाही, तरी तिचे मालक तपासून घेणार आहेत. चौथ्यांनी "आमचा मस्त आहे, उगाच घाबरवू नका" असं लिहून ग्रुप म्यूट केलाय.

ब्रीडरला दोन्ही एक्स-रे पाठवले आणि इतकंच लिहिलं की आई-बापाचे काढून घ्या, आणि तोपर्यंत ही जोडी पुन्हा लावू नका. निळ्या टिका दिसतायत. उत्तर नाही.

शेवंतीचं म्हणाल तर वजन कमी करायचंय, पट्ट्यावर सावकाश चालणं, फिजिओथेरपी. शस्त्रक्रियेसाठी वय अजून हातात आहे, म्हणून सर्जनची वेळ घेतलीये. उखळीचा कोन बदलणारी जी असते ती.

---

गुरांचा_डॉक्टर

योग्य वेळी जाताय. ती शस्त्रक्रिया साधारण दहा महिन्यांच्या आत आणि संधिवात सुरू व्हायच्या आधीच करतात. सर्जन नाही म्हणाले तरी खचू नका. बऱ्याच पिल्लांचं दुखणं वर्ष-दीड वर्षाच्या सुमाराला कमी होतं, कारण सैल सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन त्याला धरतं. पुढे प्रौढ वयात संधिवात डोकं वर काढू शकतो, म्हणून वजनाचा आग्रह. फार बिघडलं तर पूर्ण सांधा बदलण्यापर्यंत पर्याय आहेत.

---

शो_रिंग_वाला

ताई, तुमच्या मेसेजला त्याने उत्तर दिलं नाही तरी त्याने तो वाचलाय. आम्हा लोकांत बातमी पसरते.

माझ्या मादीचा एक्स-रे या महिन्यात काढतोय. पुढचं वेत त्यानंतर ठरवीन. वाईट निघाला तर तिचं वेत नाही, घरात म्हातारी होईल.

---

आकडेमोड

तिच्या भावंडांचेही मिळतात का बघा. एकटीच्या एक्स-रेवर जाऊ नका.

---

शो_रिंग_वाला

दोन पुण्यात, एक नाशिकला. विचारतो.

---

मोगऱ्याची_वेणी

शेवंतीच्या बापाची आणखी वेतं ठाणे-कल्याण पट्ट्यात नक्की असणार. तुमच्याकडे दीड-दोन वर्षांच्या आतला पिवळा लॅब असेल आणि कागदावर बापाच्या नावापुढे चॅम्पियन लिहिलं असेल, तर मला व्यनि करा. नाव मी इथे लिहिणार नाही, तुम्हीही लिहू नका. कागदाचा फोटो पाठवा, मी जुळवून बघते. एक्स-रे झाला असेल तर चांगला असो वा वाईट, तोही पाठवा. चांगलेही हवेत, नाहीतर आकडेमोड माझं गणित चुकलं म्हणतील.